नियमाच्या चुकीला दाद मागण्याची सोय हवी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

महाविद्यालयांच्या जिमखान्यांत लवकरच आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धेची तयारी सुरू होईल आणि तो हंगाम सरतो न सरतो तोच पेठापेठांतल्या तालमींचे फुटबॉल संघ कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर उतरतील. दोन्हीकडे खेळणारी मुले बरीचशी तीच असतात, पेठांची ईर्षाही तीच असते आणि सामना संपल्यावर ऐकू येणारी तक्रारही तीच असते: शेवटच्या मिनिटात पंचांनी सामना घालवला. या तक्रारीत कधी तथ्य असते, कधी नसते; पण ते आहे की नाही हे शांतपणे तपासण्याची जागाच आपल्या स्पर्धांत ठेवलेली नसल्यामुळे तिचा निकाल प्रेक्षागृहात, रस्त्यावर आणि हल्ली मोबाईलवर लागतो. अनेक वर्षे क्रीडाशिक्षक म्हणून मैदानाच्या कडेला उभा राहिलेला माणूस या नात्याने या एकाच मुद्द्यावर सविस्तर लिहिण्याची परवानगी द्यावी.

पंचाच्या चुका दोन जातीच्या असतात आणि आपण त्या एकत्र मोजतो, तिथेच घोळ होतो. चेंडू पूर्ण गोलरेषेपलीकडे गेला होता की नाही, बचावपटूचा पाय आधी चेंडूला लागला की प्रतिस्पर्ध्याच्या घोट्याला, पास सुटला त्या क्षणी आघाडीपटू ऑफसाईड होता की नव्हता, या सगळ्या गोष्टी पंचाने एका क्षणात, एका कोनातून आणि धावता धावता पाहायच्या असतात. यात झालेली चूक ही नजरेची चूक होय, आणि खेळासंबंधीच्या घटनांवर पंचाने दिलेला निर्णय अंतिम राहील असे फुटबॉलचा पाचवा नियम सांगतो तो अशा प्रसंगांसाठीच. मात्र एकाच खेळाडूला दुसरे पिवळे कार्ड दाखवूनही मैदानाबाहेर न काढणे, पेनल्टी पुन्हा घ्यायची असताना विरुद्ध संघाला फ्री किक देणे किंवा वेळ पूर्ण होण्याआधीच शेवटची शिट्टी वाजवणे या नजरेच्या चुका नव्हेत. पंचाने काय पाहिले याविषयी इथे कुणाचा वाद नसतो. त्याने पाहिले ते बरोबर असूनही पुस्तकात लिहिलेला नियम चुकीचा लावला, एवढेच घडलेले असते. अशी चूक कागदावर सिद्ध करता येते आणि जी सिद्ध करता येते ती दुरुस्त करता यायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

याचा सर्वात मोठा आणि लेखी नोंद असलेला अनुभव अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये सापडतो. तो खेळ आपल्या फुटबॉलहून अगदी वेगळा आहे, चेंडूही लांबट असतो; पण महाविद्यालयाच्या संघामागे अख्खे गाव उभे राहण्याची जी रीत तिथे आहे ती कोल्हापूरकराला वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची क्षमता एक लाखाच्या वर आहे आणि तिथे खेळणारी मुले विद्यार्थी असतात. त्या खेळात चेंडू ताब्यात असलेल्या संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. चारांत काम झाले नाही तर चेंडू विरुद्ध संघाकडे जातो. लहान मुलालाही समजेल अशी ही मोजणी आहे, आणि तीच मोजणी दोनदा चुकली.

6 ऑक्टोबर 1990 रोजी मिसुरी आणि कोलोराडो या विद्यापीठांच्या सामन्यात मिसुरी 31–27 असे पुढे होते. कोलोराडोचा संघ गोलरेषेपासून अवघ्या तीन यार्डांवर येऊन ठेपला होता आणि घड्याळात अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ उरला होता. मधल्या एका विश्रामात कडेच्या खांबावरचा प्रयत्नाचा आकडा बदलायचा राहून गेला. आकड्यावर विसंबून कोलोराडोने आपला खरा चौथा प्रयत्न घड्याळ थांबवण्यासाठी चेंडू जमिनीवर आपटण्यात घालवला. तिथे सामना संपायला हवा होता. पंचांनी आणखी एक, म्हणजे पाचवा प्रयत्न दिला, त्यावर गुण झाले आणि कोलोराडो 33–31 असा जिंकला. पंचांच्या संपूर्ण चमूला निलंबित करण्यात आले, पण निकाल जसाच्या तसा राहिला आणि त्या वर्षीच्या राष्ट्रीय विजेतेपदाचा अर्धा मान कोलोराडोकडे गेला. मिसुरीच्या विद्यार्थ्यांना पंचांच्या शिक्षेतून काय मिळाले? काहीही नाही.

त्याआधी सुमारे पन्नास वर्षांपूर्वी, 16 नोव्हेंबर 1940 रोजी, हाच प्रसंग डार्टमथ आणि कॉर्नेल यांच्यात घडला होता. डार्टमथ 3–0 असे पुढे असताना शेवटच्या काही सेकंदांत कॉर्नेलला चुकून पाचवा प्रयत्न मिळाला आणि कॉर्नेल 7–3 असा जिंकला. पुढच्या दोन दिवसांत सामन्याची फिल्म तपासली गेली, पंचाने चूक लेखी कबूल केली आणि कॉर्नेलने, तोपर्यंत आपला संघ सलग अठरा सामन्यांत हरलेला नसतानाही, विजय सोडून दिला. आज नोंदवहीत तो सामना डार्टमथने 3–0 असा जिंकल्याचे लिहिलेले आहे. कॉर्नेलच्या मोठेपणाला माझा नमस्कार आहे. पण न्याय हा जिंकलेल्या संघाच्या मनाच्या मोठेपणावर अवलंबून ठेवता येत नाही, हे पन्नास वर्षांनंतर कोलोराडोने विजय ठेवून घेतला तेव्हा स्पष्ट झाले; आणि कोलोराडोला एकट्याने दोष देणेही योग्य नाही, कारण निकाल परत करावा असे त्यांना सांगणारा कोणताही नियम नव्हता.

नियम नसल्याची किंमत 2016 साली पुन्हा मोजावी लागली. 10 सप्टेंबर रोजी ओक्लाहोमा स्टेट हा संघ सेंट्रल मिशिगनविरुद्ध 27–24 असा पुढे होता आणि केवळ चार सेकंद उरले होते. उरलेला वेळ संपवण्यासाठी त्यांच्या खेळाडूने चेंडू लांब, मैदानाबाहेर भिरकावला. पंचांनी तो फाऊल ठरवला, तो निर्णय योग्यच होता. परंतु वेळ संपलेली असताना त्या फाऊलमुळे विरुद्ध संघाला आणखी एक चाल द्यायची नसते, हा नियम सर्वांच्याच लक्षातून सुटला. त्या न मिळायच्या चालीवर सेंट्रल मिशिगनने 30–27 असा सामना जिंकला. पंचांनी त्याच दिवशी चूक मान्य केली, पंच आणि चित्रफीत तपासणारे अधिकारी दोन सामन्यांसाठी बाजूला ठेवले गेले, आणि मुख्य पंचाने सामना संपल्याचे जाहीर केले की गुणसंख्या अंतिम, या नियमावर बोट ठेवून निकाल कायम करण्यात आला. सर्वांना चूक मान्य आहे, कोणती चूक तेही ठाऊक आहे आणि तरी काहीही करता येत नाही, ही अवस्था मला सर्वात अन्यायकारक वाटते.

नजरेच्या चुकीबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. 16 सप्टेंबर 2006 रोजी ओरेगॉन आणि ओक्लाहोमा यांच्या सामन्यात अखेरच्या सव्वा मिनिटात एका छोट्या किकवर किक मारणाऱ्या ओरेगॉनच्या खेळाडूने चेंडू दहा यार्ड पुढे जाण्याआधीच, नियम मोडून, त्याला स्पर्श केला होता, तो पंचांना दिसला नाही आणि चित्रफीत पाहूनही तो निर्णय बदलला गेला नाही. ओरेगॉन 34–33 असा जिंकला. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या अध्यक्षांनी हा सामना नोंदीतूनच काढून टाकावा अशी मागणी केली. ती मान्य झाली नाही हे योग्यच झाले, कारण दिसले-न दिसले या कारणावरून निकाल फिरवू लागलो तर एकही सामना संपणार नाही. परंतु चित्रफीत तपासणाऱ्या त्या अधिकाऱ्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, हे वाचून मला आपल्या इथले पंच आठवले. पोलिसांच्या कड्यातून मान खाली घालून ड्रेसिंग रूमकडे जाणारा, पाठीवर पाण्याच्या बाटल्या झेलणारा पंच आपण सर्वांनी पाहिलेला आहे. पंच-परीक्षा उत्तीर्ण झालेली किती तरी होतकरू मुले एका हंगामानंतर शिट्टी खाली ठेवतात. त्यांच्या घरच्यांना दोष देण्याचे धाडस मला होत नाही.

आपल्या फुटबॉलमध्ये नियमाची चूक दुरुस्त करता येते का, असे कोणी विचारील. येते, आणि ती केली गेलेली आहे. 2005 साली विश्वचषकाच्या पात्रता फेरीत उझबेकिस्तान बहारीनविरुद्ध 1–0 असा पुढे असताना त्यांना पेनल्टी मिळाली. गोल झाला, पण किक मारण्याआधीच त्यांचाच एक खेळाडू पेनल्टी क्षेत्रात शिरला होता. तेव्हाच्या नियमानुसार अशा वेळी पेनल्टी पुन्हा घ्यायची असे; पंचाने ती न देता बहारीनला फ्री किक दिली. फिफाने हा सामना रद्द करून तो नव्याने खेळवला, आणि शेवटी पुढे गेला तो बहारीन. तक्रार ज्याची खरी होती त्याचेच नुकसान झाले, कारण सामना अख्खा पहिल्यापासून खेळवला गेला.

त्यावरून शहाणपण शिकून, दहा वर्षांनी युरोपीय फुटबॉल संघटनेने अधिक नेमका मार्ग शोधला. एप्रिल 2015 मध्ये 19 वर्षांखालील मुलींच्या पात्रता स्पर्धेत नॉर्वे 2–1 असे पुढे असताना 96व्या मिनिटाला इंग्लंडला पेनल्टी मिळाली, गोल झाला आणि अगदी तीच चूक घडली: पेनल्टी पुन्हा घेण्याऐवजी नॉर्वेला फ्री किक. संघटनेने अख्खा सामना रद्द केला नाही. पाच दिवसांनी दोन्ही संघ आपापले त्या दिवशीचे दुसरे सामने खेळून रात्री पुन्हा एकत्र आले, पेनल्टीपासून खेळ सुरू झाला आणि उरलेले 18 सेकंद खेळवले गेले. लिया विल्यमसन या मुलीने दुसऱ्यांदा गोल केला, सामना 2–2 असा बरोबरीत सुटला आणि दोन्ही संघ पुढे गेले. अठरा सेकंदांसाठी दोन संघ, पंच आणि अधिकारी पुन्हा मैदानात उतरवणे काहींना अतिरेक वाटले असेल. मला तो या विषयातील आजवरचा सर्वात न्याय्य निर्णय वाटतो, कारण चूक जिथे झाली तिथूनच तो सामना पुन्हा जोडला गेला.

प्रशिक्षकांविषयी लिहिल्याखेरीज हे पत्र अपुरे राहील, कारण शेवटच्या मिनिटात हरलेल्या सामन्यांपैकी पुष्कळसे पंचांनी नव्हे तर बाकावरून घालवलेले असतात. अमेरिकेतलेच उदाहरण द्यायचे तर 7 ऑक्टोबर 2023 रोजी मायामीचा संघ जॉर्जिया टेकविरुद्ध 20–17 असा पुढे होता, विरुद्ध संघाकडे घड्याळ थांबवण्याची एकही संधी उरलेली नव्हती, आणि चेंडू घेऊन गुडघा टेकला असता तर वेळ आपोआप संपला असता. त्याऐवजी त्यांनी धावण्याची चाल केली, चेंडू हातून सुटला आणि उरलेल्या काही सेकंदांत जॉर्जिया टेकने 23–20 असा विजय हिसकावला. चेंडू सुटण्याआधी खेळाडू जमिनीला टेकला होता की नाही यावर वाद झालाच. पण तो वाद उद्भवण्याचे कारण प्रशिक्षकाचा निर्णय होता, आणि गुडघा टेकायला हवा होता हे त्या प्रशिक्षकाने सामन्यानंतर मान्यही केले.

असाच एक सामना आपल्याकडे, काही वर्षांपूर्वीच्या आंतरमहाविद्यालयीन उपांत्य फेरीत, मी अगदी जवळून पाहिला. बदली खेळाडूंच्या चिठ्ठ्या घेण्याचे काम माझ्याकडे होते, त्यामुळे दोन्ही बाकांवरचे बोलणे ऐकू येत होते. एका गोलने पुढे असलेल्या संघाला जादा वेळेत विरुद्ध बाजूच्या कॉर्नरच्या झेंड्याजवळ फ्री किक मिळाली. चेंडू तिथेच दोन पासांत खेळवत ठेवला असता तर सामना संपला असता. बाकावरून आवाज आला, "सगळे वर जावा, आत टाका!" दोन्ही बचावपटू वर गेले, चेंडू सरळ गोलरक्षकाच्या हातात पडला, त्याने तो मध्यरेषेपलीकडे फेकला आणि मोकळ्या पडलेल्या अर्ध्या मैदानातून बरोबरीचा गोल झाला. टायब्रेकरमध्ये तो संघ हरला. शिट्टी वाजताच त्यांचे प्रशिक्षक घड्याळ पुढे करून पंचांकडे धावले: तीन मिनिटे दाखवली होती, चार कशी झाली? वास्तविक सातव्या नियमानुसार दाखवलेली जादा वेळ ही किमान असते. पंच ती वाढवू शकतो, कमी करू शकत नाही. आणि त्या तीन मिनिटांत त्यांच्याच संघाचा गोलरक्षक एकदा आडवा पडला होता आणि एक बदली खेळाडू चालत चालत, मोजे वर ओढत बाहेर आला होता, ती वेळ माझ्यासमोरच्या कागदावर नोंदलेली होती. पण तो कागद कुणी मागितला नाही. ती मुले आज नोकरी-व्यवसायाला लागली असतील आणि पंचांनी आपली अंतिम फेरी हिरावली, असेच अजूनही समजत असतील. प्रशिक्षकाने मुलांना खोटे शिकवून पाठवले याचे मला तेव्हाही वाईट वाटले आणि आजही वाटते.

तक्रार करण्याची रीतही शिकावी लागते. 3 मार्च 2023 रोजी केरळ ब्लास्टर्स आणि बंगळुरू यांच्यातील इंडियन सुपर लीगच्या बाद फेरीच्या सामन्यात बंगळुरूच्या सुनील छेत्रीने झटपट घेतलेल्या फ्री किकवर गोल झाला, तेव्हा केरळ ब्लास्टर्सचे प्रशिक्षक संघाला घेऊन मैदानाबाहेर गेले. त्यांच्या रागाचे कारण मला समजते. पण परिणाम काय झाला? सामना गेला, क्लबला चार कोटी रुपयांचा दंड झाला, प्रशिक्षकावर दहा सामन्यांची बंदी आली आणि मूळ मुद्दा, म्हणजे ती फ्री किक तशी घेता येते का, बाजूलाच राहिला. तालमींच्या आणि महाविद्यालयांच्या सामन्यांत संघ मैदान सोडतो तेव्हा शिक्षा होते ती वर्षभर घाम गाळलेल्या मुलांना.

म्हणून आपल्या जिल्ह्यातील स्पर्धांच्या आयोजकांना, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनला आणि शिवाजी विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला, माझी कळकळीची विनंती आहे की स्पर्धेच्या परिपत्रकातील "पंचांचा निर्णय अंतिम राहील" या एका ओळीपाशी थांबू नये. खेळातील घटनांबाबत ती ओळ राहूच द्यावी. परंतु नियम चुकीचा लावला गेला असे वाटल्यास कर्णधाराने किंवा व्यवस्थापकाने सामना संपल्यापासून तासाभरात लेखी अर्ज कसा द्यावा, सोबत किती अनामत रक्कम भरावी आणि तो अर्ज कोण ऐकेल, हे तिथेच स्पष्ट लिहावे. ऐकणाऱ्या समितीत त्या दोन्ही संघांशी, त्यांच्या पेठांशी किंवा महाविद्यालयांशी संबंध नसलेले ज्येष्ठ पंच असावेत, त्यांनी पंच आणि सामन्याधिकारी यांचे म्हणणे ऐकून त्याच रात्री निर्णय द्यावा, आणि चुकीमुळे निकाल बदलला असे ठरल्यास सामना त्याच मिनिटापासून, त्याच गोलसंख्येवर पुढे खेळवावा. प्रत्येक हरलेला संघ अर्ज घेऊन येईल ही भीती मी ऐकली आहे. अर्ज फक्त नियमाच्या चुकीपुरता मर्यादित ठेवला आणि निराधार अर्जाची अनामत जप्त केली तर ती भीती उरत नाही. उलट आज जो राग बाटल्यांच्या रूपाने मैदानात येतो त्याला टेबलावर येण्याची वाट मिळते.

याला मोठा खर्च लागत नाही. चौथ्या पंचाकडे जादा वेळेचा फलक आणि खेळ केव्हा, किती थांबला याची नोंदवही असावी; ती सामना संपताच दोन्ही व्यवस्थापकांना दाखवून सह्या घ्याव्यात. कार्डांची नोंद मुख्य पंचाच्या जोडीने चौथ्या पंचानेही ठेवावी. 2006 च्या विश्वचषकात क्रोएशिया–ऑस्ट्रेलिया सामन्यात एकाच खेळाडूला तीन पिवळी कार्डे दाखवली जाईपर्यंत तो मैदानात खेळत राहिला होता, आणि तिथे पंच जगातील नामवंतांपैकी होते; तेव्हा आपल्या पंचाला एकट्याने सगळे लक्षात ठेवायला लावणे हा त्याच्यावरच अन्याय आहे. मध्यरेषेवर उंच जागी एक स्थिर कॅमेरा लावून त्याचे चित्रण फक्त समितीसाठी ठेवता येईल. फिफाने कमी कॅमेरे असलेल्या स्पर्धांसाठी, प्रशिक्षकाला सामन्यात मोजक्या वेळा फेरतपासणी मागता येईल अशी पद्धत 2024 पासून तरुणांच्या स्पर्धांत आजमावली आहे. ती आपल्याकडे यायला वेळ लागेल, तोपर्यंत ही नोंदवही आणि हा एक कॅमेरा पुरेसा आहे.

प्रशिक्षक आणि व्यवस्थापकांसाठी हंगामापूर्वी एक दिवसाचा नियमवर्ग सक्तीचा करावा आणि तो स्थानिक पंचांनीच घ्यावा, ही शेवटची विनंती. बदली खेळाडू, जादा वेळ, फ्री किक आणि पेनल्टी एवढे चार नियम जरी दोन्ही बाजूंनी एकत्र बसून वाचले तरी मैदानावर एकमेकांशी बोलण्याची भाषा बदलेल. या वर्गाला हजर न राहिलेल्या प्रशिक्षकाला बाकावर बसण्याची परवानगी देऊ नये. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचे परिपत्रक अजून निघायचे आहे, त्यामुळे या दोन्ही तरतुदी याच वर्षी त्यात घालता येतील.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
मंगळवार पेठ, कोल्हापूर